कूलरच्या टाकीत

दसऱ्यानंतर कूलरला कोणी विचारत नाही.
देवपुरातलं माझं दुकान तेव्हा अर्धं शटर ओढून बसतं.
आत गंजलेल्या टाक्या, जळक्या मोटारी
आणि एकच चहा दोनदा गरम करणारा मी.

अशात नाशिकहून कुरिअर आलं.
हर्षालीनं पाठवलेली पुडी. आत बी.
बी कसलं, तपकिरीची चिमूट.
शिंकलो असतो तर सगळं पीक उडालं असतं.

ती हॉटेलच्या किचनमध्ये असते,
रात्री बारापर्यंत भट्टीतून पिझ्झे काढते.
फोनवर म्हणाली, पप्पा, ओरेगॅनो आहे,
पुरू नका, नुसतं वरून भुरभुरा.
त्याला उगवायला उजेड लागतो.

पत्र्याची एक टाकी निवडली.
तीस वर्षं लोकांच्या गळक्या टाक्या बुजवल्या,
आता स्वतःच ड्रिल लावून
तळाला सहा भोकं पाडली.
हात जरा कचरला, खोटं कशाला बोलू.
आपली काळी माती पाणी सोडत नाही,
म्हणून निम्मी पांझरेची वाळू, दोन ओंजळी मुरूम.

नवव्या दिवशी हिरवे ठिपके.
चष्म्यावर भिंग धरून मोजले, एकोणीस.

पाणी हा माझा धंदा.
भंगारातला एक पंप जोडला,
बारीक नळी सोडली, दिवसभर थेंब थेंब.
महिन्याभरात अकरा रोपं
बुडाशी काळी पडून आडवी झाली.
रोज फोन करायचोच. जेवलीस का,
रूमवर पोचलीस का, पंखा चालतो का नीट,
त्यातच रोपांचंही सांगितलं.
ती भांडी आपटत असावी मागे.
म्हणाली, पप्पा, तहान लागू द्या हो त्याला.

पंप काढला.
त्या आठवड्यात फोनही रविवारीच केला.

शेजारच्या द्वारकाबाईंनी भिंतीवरून हात घालून
एक पान चुरगाळलं, नाकाशी नेलं.
"हाई ते ओवा शे!"
म्हटलं, नाही, परदेशी आहे.
"व्हयी परदेशी. वास ते घरनाच शे."
आणि दुसरं पान तोडून पदरात बांधलं.

मग चैत्र लागला. चव्वेचाळीस, पंचेचाळीस.
सगळ्या धुळ्याला एकदमच आठवतं
की माळ्यावर आपला कूलर आहे.
सकाळी सातला निघायचो, रात्री परत.
टाकीकडे चार-चार दिवस बघणं नाही.
दुपारनंतर भिंतीची सावली पडायची, तेवढीच सोय.
वाटलं, गेलं असेल.
गेलं नव्हतं.
पानं बारीक झाली होती, जाड, लवदार,
आणि वास असा की पत्र्याला हात लागला तरी यायचा.

फुलायच्या आत शेंडे खुडायचे, तिनं सांगितलेलं.
खुडले. जुड्या बांधल्या.
जुन्या कूलरच्या सांगाड्यात उलट्या टांगल्या,
पंखा लावला, पंप बंद.
कोरडा कूलर मी पहिल्यांदाच कुणासाठी चालवला.

तीन दिवसांनी बोटांनी चुरलं तर निम्मा डबादेखील भरेना.
एसटीच्या एका ओळखीच्या कंडक्टरकडे
नाशिकसाठी दिला तो.
उरलेली चिमूट तुरकाठ्यांवर भाजलेल्या
वांग्याच्या भरतात टाकून बघितली.
वाईट नाही लागलं.
पण हे भरीत पार्टीत बोलायचं नाही कुणी.

हर्षालीचा फोन मंगळवारी आला. रविवार नसताना.
डब्याबद्दल एवढंच, की चीफनं झाकण उघडलं
आणि बराच वेळ लावलं नाही.
मग माझं जेवण, माझे गुडघे,
दुकानात पंखा आहे का, असलं काय काय विचारत राहिली.

परवा साक्री रोडला एका घरी जाळ्या बदलत होतो.
कूलर सुरू केला, पहिला झोत आला,
तशा घरच्या बाई थांबल्या दारात.
अण्णा, वास छान येतोय,
नवीन वाळा टाकला का?

मी हात खिशात घातले.
हो म्हटलं.